मेण लावलेली मडकी

१

निघायच्या आदल्या सकाळी थोरल्या जावेनं धाकटीला परसात उभं केलं आणि शाळकरी पोरीकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं सगळं म्हणून घेतलं. टोमॅटोला काठीचा आधार कधी द्यायचा, काकडीचा वेल कुठून वळवायचा, घेवड्याच्या शेंगा किती कोवळ्या तोडायच्या. लेकीचं बाळंतपण लांबच्या शहरात, त्यात पहिलटकरीण. म्हणजे भाजीचा अख्खा हंगाम थोरलीला तिकडेच काढावा लागणार होता.

"आणि मडकी?" थोरलीनं विचारलं.

"एक दिवसाआड भरायची. झाकणी लावायची. वरून पाणी ओतायचं नाही."

"शहाणी आहेस."

मडकी ही थोरलीची खास करामत. कच्च्या भाजणीची मडकी तिनं प्रत्येक वाफ्यात मधोमध गळ्यापर्यंत पुरली होती. आत पाणी भरायचं. ते मडक्याच्या अंगातून हळूहळू पाझरतं, आणि आजूबाजूची मुळं मडक्याला मिठी मारून हवं तेवढं पितात. गल्लीतली माणसं मुद्दाम बघायला यायची. मग थोरली कमरेवर हात ठेवून सांगायची, "माझी झाडं पाण्यासाठी कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत."

धाकटीनं हे वाक्य कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ती तिथून उठून गेली होती.

घर एकच, मधे भिंत घालून दोघींचं झालेलं. थोरलीचा नवरा केव्हाच देवाघरी गेलेला, धाकटीचा ट्रकवर, महिना महिना बाहेर. परसाकडे उघडणारी मागची खोली थोरलीच्या वाट्याला आली होती. मागच्या वर्षी त्याच खोलीत धाकटीचे वडील वारले.

"निश्चिंत जा वहिनी," धाकटी म्हणाली. "मी आहे ना."

२

आता हे 'मी आहे ना' कुठून आलं, ते सांगायलाच हवं.

मागच्या उन्हाळ्यात धाकटीच्या नवऱ्याचा ट्रक लांब कुठेतरी उलटला. मांडीचं हाड, बरगड्या, सगळा चुराडा. तिला तिकडे दवाखान्यात जाऊन राहावं लागलं. वडील तिच्याजवळच असायचे; अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. त्यांना नेणार कुठे? तेव्हा थोरलीच म्हणाली होती, "जा गं तू, मी आहे ना." धाकटीला त्या दिवशी थोरलीचे पाय धरावेसे वाटले होते.

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा नवरा ऑपरेशनच्या टेबलावर होता. ती परतली तोवर सगळं आटोपलेलं. थोरलीनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि मोठ्या अभिमानानं गादी उलटीसुलटी करून दाखवली.

"बघ, एकदाही ओली होऊ दिली नाही. वास येतोय का कुठे?"

वास येत नव्हता. लुळ्या म्हाताऱ्याची गादी, आणि तिच्यावर एक डाग नाही! धाकटी त्या गादीकडे बघतच राहिली.

उरलेलं शेजारच्या कंपाउंडरनं सांगितलं. माणूस भला, नोकरीतून निवृत्त झालेला, जिभेला मात्र हाड नाही. वडिलांना शेवटची आंघोळ त्यानंच घातली होती. "सबंध आयुष्य आजाऱ्यांत गेलं माझं," तो म्हणाला. "पण त्यांची जीभ... लाकूड हो, निव्वळ लाकूड. आणि गंमत बघा, खिडकीत पाण्याचा तांब्या भरलेला. मी जेव्हा जेव्हा डोकावलो, तेव्हा भरलेलाच."

खिडकी पलंगापासून चार हात लांब होती. म्हाताऱ्याला ती दिसत होती, एवढंच.

धाकटीनं थोरलीला विचारलंसुद्धा. थोरली जराही चपापली नाही. "जास्त पाजलं की जास्त काढावं लागतं. माणूस उचलणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. इथे नव्हतीस ना तू."

इथे नव्हती, हे खरंच होतं. भांडून वडील परत येणार नव्हते. पण तेव्हापासून भरल्या ताटावर बसली तरी तिच्या मनात एकच यायचं, की जाताना बाबांच्या ओठाला आपल्या हातचं पाणी लागलं नाही. एक घोट लागला असता तरी तिनं जन्मभर पुरवला असता.

३

थोरलीची गाडी गेली, आणि त्याच संध्याकाळी धाकटी कामावरून येताना पिशवीत मेणाच्या वड्या घेऊन आली.

ती लाँड्रीत इस्त्री करायची. इस्त्रीचा तळ कपड्यावरून सरसर फिरावा म्हणून तिथे तळाला मेण चोळतात. दोन-चार वड्या कमी झाल्या तर विचारतो कोण? घरी येऊन तिनं मडक्यांतलं पाणी उपसलं, आत चिंध्या फिरवल्या, आणि चांगली खडखडीत वाळेपर्यंत मडकी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उघडी ठेवली. मग काठीला फडकं बांधून वितळलेलं मेण एकेका मडक्याला आतून फासलं, तळापासून गळ्यापर्यंत, एकावर एक हात देऊन. स्वतःचं घरही तिनं कधी इतक्या निगुतीनं सारवलं नव्हतं.

शेवटी मडकी काठोकाठ भरून वर झाकण्या ठेवल्या.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? पाणी घालायचं बंद केलं असतं तरी भागलं असतं. नसतं भागलं. नुसती झाडं मारून तिचं समाधान होणार नव्हतं. पाणी समोर असावं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, आणि मुळांनी त्याला कवटाळून तहानेनं तडफडावं, हे तिला हवं होतं. थोरली परत आली की एकेक झाकणी उचलून दाखवायची आणि म्हणायचं, 'बघा वहिनी, एकदाही रिकामी होऊ दिली नाहीत.' दिवसभर इस्त्री फिरवताना हे वाक्य ती मनातल्या मनात घोळवायची आणि गालातल्या गालात हसायची. शेजारच्या टेबलावरची बाई विचारायची, "काय गं, नवरा येतोय वाटतं?"

आठवड्याभरात वांग्यांनी माना टाकल्या. मग काकडीचा वेल सुतळीसारखा झाला. टोमॅटोची पानं चुरगळली आणि हात लावताच पडायला लागली. पावसाचं नाव नव्हतं. धाकटी सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन परसात फेऱ्या मारायची आणि कंपाउंडर कुंपणापलीकडून हळहळायचा, "तुम्ही एवढं मरमर मरता, पण हवाच वाईट पडली यंदा."

"माझ्या हातात आहे तेवढं करते," धाकटी म्हणायची.

४

आणि मग ते झालं. झालं तेही थोरलीच्याच डोळ्यांदेखत.

ती अधूनमधून फोन करायची आणि फोनवरच सगळं बघायला मागायची. पानं बघून तिनं कपाळ बडवून घेतलं. "मेली कशी गं सगळी? मडकी दाखव बघू."

धाकटीनं तयारच असल्यासारखं जवळची झाकणी उचलली आणि फोन आत धरला.

"अगं, अर्धं झालंय की हे! भर ते आधी."

धाकटीनं वाकून बघितलं. मडकं खरंच अर्धं झालं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं स्वतः काठोकाठ भरलं होतं ते.

तिनं फोन ठेवला आणि इतर झाकण्या उचलल्या. सगळ्यांची तीच गत. बरं, मेण निघालं म्हणावं, तर बोट फिरवलं की ते गुळगुळीत लागत होतं. कुठे तडा गेला म्हणावा, तर बाजूची माती ओली व्हायला हवी. तिनं कोपरापर्यंत हात घालून माती उकरली. चुलीतल्या राखेसारखी कोरडी. उन्हानं आटलं म्हणावं, तर वर झाकणी. कावळ्यानं प्यायलं म्हणावं, तर तीच झाकणी. आणि झाडं? ती तर डोळ्यांसमोर मेली होती. मेलेलं झाड पाणी कशाला पिईल?

'कंपाउंडर काढून नेत असेल,' तिनं स्वतःला समजावलं. पण कंपाउंडरला यंदा गुडघ्यांमुळे स्वतःच्या ओट्याची पायरी उतरवत नव्हती.

तिनं मडकी पुन्हा भरली. सकाळी पुन्हा अर्धी. त्या दिवशी झाकणी परत ठेवताना मडक्याच्या काठाला काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं. तिनं ते नखानं सोडवून तळहातावर घेतलं. पातळ, पांढरट, कागदासारखी साल. फुटलेल्या ओठांची निघते तसली.

तिला ती ओळखायला वेळ लागला नाही. बाबांच्या ओठांवरून अशा साली ती रोज ओल्या बोटानं काढायची.

५

दुसऱ्या दिवशी तिनं लाँड्रीत तब्येतीचं कारण सांगितलं आणि भर दुपारी मडक्याशेजारी जाऊन बसली. झाकणी काढून ठेवली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. आपण वेड्या आहोत, असं म्हणून ती उठणार, तेवढ्यात मडक्यातलं पाणी कललं.

मडकं होतं तसंच सरळ होतं. पाणी मात्र एका बाजूला चढलं आणि दुसऱ्या बाजूला उतरलं. वडील असेच प्यायचे. लुळ्या बाजूनं ओघळू नये म्हणून मान डावीकडे टाकून. मग जमिनीखालून आवाज आला. एक घोट. मग दम घेतल्यासारखी शांतता. मग दुसरा घोट.

पळून जावं म्हणून धाकटी अर्धी उठली. आणि मग, कसं कुणास ठाऊक, भीतीच्या जागी रडू आलं. ती मडक्यावर ओणवी झाली आणि म्हणाली, "सावकाश, बाबा. ठसका लागेल."

पाणी क्षणभर थांबलं. मग पुन्हा कललं, अगदी सावकाश.

त्या दिवसापासून धाकटीचा चेहराच पालटला. सकाळी उठली की आधी परसात. माठातलं गार पाणी न्यायची, कधी त्यात साखर विरघळवायची. मडकं भरायचं आणि शेजारी बसून दिवसभराचं सांगायचं. नवऱ्याचं, लाँड्रीतल्या मालकाचं, महाग झालेल्या साबणाचं. खालून घोटांचा आवाज आला की तिला हुंकार दिल्यासारखं वाटायचं. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. बाबा तिच्या हातचं पीत होते! याहून तिला जगात दुसरं काही नको होतं.

नको होतं म्हणजे, एक गोष्ट सोडून. राग तसूभरही कमी झाला नव्हता. "येऊ दे तिला," ती मडक्यात तोंड घालून म्हणायची. "तुम्ही बघाच बाबा, मी काय करते ते."

एवढंच ऐकलं की खालचे घोट थांबायचे. धाकटीच्या ते लक्षात यायचं. ती मनाशी म्हणायची, दम घेत असतील.

६

थोरली आली ती रिक्षातून उतरून थेट परसातच. हातातली पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही.

"राखरांगोळी केलीस," ती म्हणाली. "स्मशान केलंस माझ्या बागेचं."

"ऊन फार होतं वहिनी."

"उन्हाला काय होतंय? मडकी असताना ऊन काय करणार?" तिनं तरातरा जाऊन मधल्या वाफ्यातली झाकणी भिरकावली, आत हात घातला आणि थबकली. बोटं बाहेर काढून एकमेकांवर चोळली. नखात मेण आलं होतं.

आपला क्षण आला, हे धाकटीला कळलं. इतके दिवस घोळवलेलं वाक्य तिनं एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बघा वहिनी. एकदाही रिकामी होऊ दिली नाहीत."

थोरलीचा चेहरा उतरला. तिला समजलं. सगळं समजलं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! ती तरीही फणकारलीच. "त्या मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यासाठी माझी जिवंत झाडं मारलीस?"

असं म्हणून ती धाकटीच्या अंगावर येण्यासाठी वाफ्यातून पुढे सरकली, आणि मडक्याशेजारची जमीन खचली. थोरलीचा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि ती आडवी कोसळली. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापलीकडे कंपाउंडरनंही ऐकला.

माणसं धावून आली, तिला ओढून काढलं. वेदनेनं ती अर्धी शुद्धीत, अर्धी बेशुद्धीत होती. "खाली सगळं पोकळ आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अगं, खाली खोली आहे."

डॉक्टरांनी पाय प्लॅस्टरमध्ये घातला आणि महिना-दीड महिना हलायचं नाही म्हणून बजावलं. लेकीचा फोन आला. बाळ अंगावर पिणारं, तिला काही निघता येईना. बिचारी रडायला लागली.

"रडू नकोस," धाकटी म्हणाली. "मी आहे ना."

७

थोरलीचा पलंग मागच्या खोलीतच होता. धाकटीनं नवी चादर घातली, उशा लावल्या, आणि पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून खिडकीत ठेवला.

थोरली तांब्याकडे बघत राहिली. मग धाकटीकडे.

धाकटी सकाळी चमचाभर पाणी द्यायची, संध्याकाळी चमचाभर. गादी कोरडी ठणठणीत राहिली. कंपाउंडर एकदा कुणाच्या तरी खांद्याला धरून दारातून डोकावून गेला आणि बाहेर सांगत सुटला की जाऊ असावी तर अशी, खोलीला वास म्हणून नाही. लेकीचा फोन यायचा, "काकू, आई पाणीबिणी नीट पिते ना?" धाकटी म्हणायची, "तिच्या समोर भरून ठेवलेलं असतं गं." यात खोटं काय होतं?

ते सगळं तिला गोड लागत होतं. उगाच कशाला लपवायचं? थोरलीचे ओठ फुटले, बोलणं जड झालं, हात खिडकीच्या दिशेनं उठून मधेच गळून पडायला लागला, आणि धाकटी दारात उभी राहून सगळं बघायची. एका संध्याकाळी थोरली कशीबशी म्हणाली, "चुकलं माझं." धाकटीनं ऐकलं, आणि पदरानं पलंगाच्या कठड्यावरची धूळ पुसली.

त्या संध्याकाळी परसात गेली तर मडकी भरलेली. सकाळी भरली होती तशीच, काठोकाठ.

'पोट भरलं असेल,' तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही पाणी हललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ जमली. तिनं जुनं पाणी काढून गार पाणी घातलं, साखर घातली, हाका मारल्या. पाणी आरशासारखं स्थिर. 'मेण लावलंय,' तिची बुद्धी तिला सांगायला लागली. 'मेण लावलेल्या मडक्यातलं पाणी जाणार कुठे?' इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं शहाण्यासारखं, रीतीप्रमाणे चाललं होतं. आणि ती मात्र बोटानं पाणी ढवळून ढवळून बघत होती.

८

दिवेलागणीला ती मधल्या मडक्याशी गुडघ्यांवर बसली होती. "काय चुकलं, बाबा?" ती विचारत होती. "तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

खोलीतून थोरलीचं कण्हणं दुपारपासून ऐकू येत होतं. ते अचानक थांबलं.

मग घोटाचा आवाज आला. तिनं चटकन मडक्याकडे बघितलं, पण पाणी हललं नव्हतं. पुन्हा घोट. मधे दम घेतल्यासारखी शांतता, मग पुन्हा घोट. आवाज खिडकीतून येत होता.

धाकटी धावत आत गेली. परसाकडची कडी तिनं स्वतः बाहेरून लावली होती, पुढच्या दाराला आतून अडसर होता. खिडकीतला तांब्या जागेवर नव्हता. तो पलंगाशी जमिनीवर होता, रिकामा. थोरलीची हनुवटी ओली, मान ओली, उशी डाव्या अंगाला भिजून चिंब झालेली. एवढ्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदाच शांत दिसत होता.

"कुणी दिलं?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं डोळे उघडले. "तुझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "एकाच हातानं. किती जड जात होता गं तांब्या त्यांना. निम्मं सांडलं."

"काही म्हणाले?"

"त्यांना बोलता कुठे येतंय?" थोरली म्हणाली. "पाजताना सारखे खिडकीतून तुझ्याकडे बघत होते."

धाकटीनं तांब्या उचलला. तो गार होता, आणि त्याच्या काठाला ओली माती लागलेली होती. माठावर नेऊन तो तिनं भरला, तशीच परसात पळत गेली आणि मडक्यावर वाकून ओतायला लागली. उजेड थोडाच उरला होता. पाण्याखाली, मडक्याच्या पोटात, तेवढ्या उजेडात तिला ते दिसलं. फुटलेले, साली निघालेले दोन ओठ. लहान मूल कडू औषधाला मिटतं तसे घट्ट मिटलेले. तिच्या हातचं पाणी त्यांच्यावर पडत होतं, आणि ते हळूहळू बाजूला वळत होते, तोंड फिरवावं तसे, लुळ्या अंगाकडे, ज्या अंगानं त्यांना कधी पिता येत नसे.

"बाबा, एक घोट," ती म्हणाली. "एकच घोट घ्या."

पाणी काठावरून वाहायला लागलं आणि तिच्या गुडघ्यांखाली मातीत पसरलं. ती ओतत राहिली.